तलावासारखी दिसणारी जमीन

बाबा, तुमची पणती मागच्या आठवड्यात मंगळवारी एकटीनं गाडी घेऊन दिवसभर वाळवंटातून गेली. तुम्ही तिले पाहिलं नाही. तिच्या बापालेही पाहिलं ते तो दुपट्यात होता तेव्हा. म्हणून ती कोण ते आधी सांगते, गाडीचं मग सांगते. तुम्ही म्हणायचे, ही पोरगी गोष्ट नेहमी शेंड्याकडून सांगते, बुडाकडून सांगतच नाही. अडुसष्ट वर्षांची झाली तरी ती खोड गेली नाही. तर ती माझी नातीन, माझ्या एकुलत्या एका पोराची पोरगी. तिचा बाप तुमसरच्या राईस मिलवर मशिनी पाहते आणि माय घरीच शिवणकाम करते, त्यामुळं लहानपणी ती माझ्याच मांडीवर वाढली. नागपूरले शिकली. आता राजस्थानात नोकरीले आहे, जैसलमेरच्याही पुढं. तिथं डोळा जाईल तिथवर जमिनीवर निळ्या काचा मांडतात आणि उन्हाची वीज करतात. मी तिले विचारलं होतं, ऊन तं आपल्या इकडंही काही कमी नाही, मग एवढ्या दूर काहून? तं म्हणते, आजी, आपल्या बांधीत धान लावायचं की काचा? ते मले पटलं.

सोमवारी दिवेलागणीले तिचा फोन आला. मी अंगणात तांदूळ निवडत होती. आवाज हळू करून म्हणते, "आजी, आई जवळ आहे का?" मी म्हणली, "नाही, मशिनीवर बसली आहे. काहून?" तं म्हणते, "उद्या मी एकटी साईटवर जाऊन राहिली. आईले सांगू नको, ती रात्रभर जागी राहीन." साईट म्हणजे जिथं त्या काचा आहेत ती जागा. तिथली कायची तरी एक पेटी जळली होती आणि अर्ध्या काचा बंद पडल्या होत्या. नवी पेटी शहरात येऊन पडली, पण ड्रायव्हर बहिणीच्या लग्नाले गेलेला. मोठा साहेब म्हणे दोन दिवस थांबू. आणि तिच्या हाताखालचा एक माणूस तिच्या तोंडावर म्हणाला, मॅडम, आपसे नहीं होगा, वो रोड लेडीज के लिए नहीं है. एवढं ऐकलं आणि हिनं गाडीची चावी उचलली. नोकरीले आठ महिने झाले आहेत तिले. म्हणते, "आजी, आता गेली नाही तं मले कायमचं ऑफिसात बसवतीन."

मी विचारलं, किती दूर? म्हणते दीडशे किलोमीटर. म्हणजे आपल्या आंधळगावाहून नागपूरले जाऊन परत येणं. ते काही फार वाटलं नाही. मग विचारलं, मंधात गावं किती लागतात? तं म्हणते, "शेवटच्या ऐंशी किलोमीटरमधी एकही नाही आजी." बाबा, ही गोष्ट मले डोळ्यासमोर आणताच येत नव्हती. आपल्या इकडं माणूस वाट चुकला तरी कोणत्या ना कोणत्या तलावाच्या पारीवर, बांधावर जाऊन उभा राहते. पारीवर झाड असते, झाडाखाली कोणी बिडी ओढत बसलेलं असते, खाली कोणी ढोरं धुऊन राहिला असते. तुम्ही धानाची बंडी घेऊन तुमसरले जायचे तेव्हा आई मले रस्ता सांगायची तो तलावांवरूनच सांगायची, आता पहिला तलाव ओलांडला असन, आता दुसऱ्याच्या पारीवर बैल सोडले असतीन, आता भाकर खाल्ली असन. ऐंशी किलोमीटर एकही पार नाही, मग घरच्या माणसानं मनातल्या मनात तिले कुठं बसवायचं, कुठं पाणी पाजायचं? मी एवढंच म्हणली, "पाणी भरपूर घे. आणि जिथं थांबशीन तिथून फोन कर." म्हणाली, करते.

सूनबाईले मी सांगितलं नाही. सांगायले पाहिजे होतं हे कळत होतं. पण खरं सांगू का, साऱ्या घरात तिनं एकट्या मलेच सांगितलं, याचं मले इतकं भारी वाटलं की ती गोष्ट मी रात्रभर उशाशी घेऊन झोपली.

मंगळवारी आमचं पापडाचं होतं. आम्ही तांदळाचे पापड करतो ते तुम्हाले माहीतच आहे, आईच्याच हातचं शिकलेली आहे, पीठ उकडायचं, गरम गरम मळायचं, लाटायचं आणि गच्चीवर खाटेवर जुनं धोतर पसरून त्याच्यावर वाळू घालायचं. आता घराले गच्ची आहे, बाबा, सिमेंटची. सूनबाईनं त्या दिवशी शिवणाचं काम बंद ठेवलं होतं. सकाळी मी फोन लुगड्याच्या ओच्यात खोचला आणि पिठाले बसली. माझा फोन बटनाचा आहे, लहान, पण वाजला की शेजारच्या घरी कळते. सूनबाई पाहत होती. म्हणते, "आई, आज फोन कायले कमरेले बांधला? कोणाचा सोयरीकीचा निरोप येऊन राहिला का?"

मी म्हणली, "येईन तं तुले काय, तुहं लग्न झालं आहे."

"मग तुमचं पाहून राहिले का?"

"पाहतीनही. पापड लाटता येते मले."

हसली ती. मी पण हसली. साडेआठले पहिला फोन आला. निघाली, टाकी भरली, पाण्याचे दोन मोठे डबे घेतले, खायले पराठे घेतले. मी म्हणली, हो, हो, ठीक, आणि ठेवला. सूनबाईले म्हणली, रॉंग नंबर. साडेदहाले दुसरा. म्हणते, "आजी, उंट पाहिले. रस्त्यावर उभे होते, हॉर्न वाजवला तं माह्याकडं असे पाहत राहिले जसे मीच त्याइच्या घरात घुसली." मले हसू आलं. मी पिठाचा हात तोंडावर धरून जिन्यात जाऊन बोलली. विचारलं, "एकटं वाटते का?" म्हणते, "नाही. पण रस्ता असा सरळ आहे की डोळे मिटतात. एकही वळण नाही." मी म्हणली, "मग गाणं म्हण. मोठ्यानं म्हण. तिथं कोण ऐकते." ती म्हणली, तुलेच ऐकवते, आणि लहानपणी मी तिले न्हाऊ घालताना जे म्हणायची ते आंघोळीचं गाणं तिनं त्या वाळवंटात मोठ्यानं म्हटलं. जिन्यात बसून ऐकलं मी. वर आली तं सूनबाई म्हणते, "हाही रॉंग नंबरच का? लई वेळ बोलला."

साडेअकराले तिसरा फोन आला तेव्हा मी नेमकी खाटेपाशी होती आणि सूनबाई दोन हातांवर होती. बाबा, आता इथून नीट ऐका. नातीन म्हणते, "आजी, रस्त्यावर रेती चढली आहे. समोर मोठा ढीग झाला आहे, गाडी जाईन असं वाटत नाही. पण डाव्या बाजूले सपाट जमीन आहे, पांढरी. अगदी आपला तलाव उन्हाळ्यात सुकते ना, तसाच. भेगा पडलेल्या. त्याच्यातून गेली तं ढिगाच्या पलीकडं रस्त्याले लागते. जाऊ का?" ती इंजिनेर आहे. तिच्यापाशी नकाशाचा फोन आहे. तरी तिनं मले विचारलं. मी वर पाहिलं तं सूनबाई माझ्या तोंडाकडं पाहून राहिली. मले घाई झाली, आणि घाईच्या वर आनंदही झाला, की अशी एक गोष्ट निघाली जी मले माहीत आहे. मी म्हणली, "भेगा पडल्या म्हणजे सुकलं. आपल्या तलावातून भरल्या बंड्या जात होत्या. जाय." ती म्हणली, बरं. फोन ठेवला.

सूनबाईनं विचारलं, कोणाच्या बंड्या? मी म्हणली, पलीकडची म्हातारी आहे, जुनं विचारत होती. आणि मी जाम खूश होऊन पापड उलटवायले लागली. मनात म्हणली, पाहा, चौथीपर्यंत शिकलेली बाई, आणि तिकडं राजस्थानात गाडी माझ्या सांगण्यावर चालली.

मग पापड उलटवता उलटवता एक पापड हातात तुटला. वरून वाळला होता, वाजत होता, कडाही वर आल्या होत्या. आणि खालून ओला, धोतराले चिकटलेला, लिबलिबीत. सकाळी लाटलेला, दुपारच्या उन्हात असं होतेच, वरचं ऊन वरचंच वाळवते. असे हजार पापड मी उलटवले असतीन. पण त्या वेळी तो अर्धा पापड हातात घेऊन मी तशीच उभी राहिली, आणि पायाखालून गच्ची गेल्यासारखं झालं.

कारण मले तो दिवस आठवला. मी अकरा वर्षांची आहे. चौथी झाली आणि शाळा सुटली आहे. तुम्हाले हिवताप भरला आहे, तुम्ही खाटेवर घोंगडं पांघरून कुडकुडता, आई तुमच्या पायाशी बसली आहे. तलावापलीकडच्या बांधीत लाखोरीचं पीक उपटून पडलं आहे आणि आभाळ भरून आलं आहे. पाणी पडलं तं सारी लाखोरी काळी होईन. मी कोणाले न विचारता बैल जुंपले. तुम्ही मले कधी बंडी शिकवली नव्हती, पण तुमच्या बाजूले बसून बसून माझ्या हाताले ती येत होती. गेली. लाखोरी भरली. भरायले बाजूच्या बांधीतली म्हातारी आली, ती म्हणली, वळसा घालून जाजो पोरी. मी म्हणली, माहा बाप तलावातूनच जाते. आणि खरंच तुम्ही तलावातूनच जायचे. तलाव सुकला होता, पांढरा पडला होता, कासवाच्या पाठीसारख्या भेगा. मी बैल उतरवले. एवढ्या उंच लाखोरीवर बसली होती मी, दोर माझ्या हातात, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या, आणि सांगते बाबा, आजवर गावातल्या सात पोरींच्या लग्नात नाचली, पोराचं लग्न केलं, नातीन झाली, पण तसं सुख मले दुसऱ्यांदा भेटलं नाही. अर्ध्यात गेली आणि डावं चाक कच्चकन खाली गेलं. मग उजवं. कण्यापर्यंत. एक बैल गुडघ्यावर बसला.

तुम्ही आले ते घोंगड्यासकट आले. तापात, अनवाणी. मागं दोघं जण. तुम्ही मले शिवी दिली नाही, मारलं नाही. बैल सोडले, लाखोरी उतरवली, आणि तिच्याच पेंढ्या, दाण्यासकट, चाकाखाली टाकल्या. मग बैल पुढं न बांधता मागच्या बाजूले बांधले. एक जण म्हणाला, समोरून ओढा ना. तुम्ही म्हणाले, ज्या चाकोरीनं आली त्याच चाकोरीनं मागं घेऊ, तेवढीच जमीन आपली ओळखीची आहे. बंडी निघाली. मग तुम्ही माझं मनगट धरलं आणि मले त्या पांढऱ्या जमिनीवरून चालवत नेलं, आणि खाली दाखवलं. ढोरांच्या खुरांची वाट होती. ती सरळ येत होती आणि मग त्या जागेपाशी मोठा वळसा घेऊन गेली होती. तुम्ही म्हणाले, "हे पाह. ढोराले माहीत राहते खाली काय आहे. मी कायच्या भरवशावर जातो असं वाटलं तुले?" तुम्ही दर वेळी खूर पाहून जात होते, आणि मी तुमच्या बाजूले बसून फक्त तुमचा दोर पाहत होती.

आणि मग घरी येऊन, खाटेवर पडायच्या आधी, तुम्ही म्हणाले, "आजपासून बंडीले हात लावायचा नाही." बस. पंधरा दिवसांनी भंडाऱ्याच्या बाजारातून माझ्यासाठी पितळेचा नवा गुंड आणला, चकचकीत, आणि म्हणाले, आता तुह्या हिश्शाचं पाणी याच्यात भरत जाय. सगळे म्हणाले बापाचा जीव आहे पोरीवर. होताच. मी त्या गुंडानं लग्न होईपर्यंत पाणी भरलं. पण दोर पुन्हा हातात धरला नाही. माझ्या पोरानं स्कूटी घेतली तेव्हा म्हणाला, आई, शिकवतो. मी म्हणली, मले नाही जमत. जमत काहून नाही, हे मी मलेही विचारलं नव्हतं. आणि गच्चीवर तो अर्धा पापड हातात धरून मले हे कळलं, की तुमचं ते एक वाक्य मी सत्तावन्न वर्षं जपून ठेवलं आणि खुरांचं वाक्य विसरून गेली. जे कामाचं होतं तेच विसरली.

मी फोन लावला. ती बाई बोलते ना, आप जिस व्यक्ती से, तीच बोलली. पुन्हा लावला. तीच. बारा वाजले, साडेबारा, एक. मी जिन्यात, मोरीत, न्हाणीघरात जाऊन फोन लावून राहिली. ऐंशी किलोमीटर गाव नाही हे आता पहिल्यांदा मले दिसायले लागलं. ऊन आपल्याच गच्चीवर इतकं होतं की पाय ठेववत नव्हता. दोन डबे पाणी किती वेळ पुरते? गाडीत बसली असन की उतरून चालत निघाली असन? चालत निघाली असन तं कोणत्या बाजूनं? दर वेळी मी तिले एखाद्या पारीवर बसवायले जायची आणि तिथं पारच नव्हती.

दीडले सूनबाई खाली आली आणि माझ्या समोर बसली. म्हणते, "आई, सकाळपासून तुमी पाणी पिली नाही. आता तरी सांगा काय झालं ते." मी सांगितलं. गाडी, एकटी, वाळवंट, सारं. रेतीचंही सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं. मग म्हणते, "आणि तुमी तिले जाय म्हणलं."

"म्हणली."

"तलावातून जाय म्हणलं."

"हो."

"माह्या पोरीले."

  ती उठली, नवऱ्याले फोन लावायले गेली, लावला नाही, परत आली. म्हणते, "तिथून तो मिल सोडून काय करणार आहे." मग माझ्या बाजूले येऊन बसली, भिंतीले टेकून, आणि आम्ही दोघी त्या बटनाच्या फोनकडं पाहत बसलो. ती रागात होती, पण तिचा गुडघा माझ्या गुडघ्याले लागलेला होता आणि तिनं तो काढला नाही. वर पापड वाळून वाकडे झाले.

पावणेतीनले फोन वाजला. आवाज तुटत होता, वारा होता. "आजी, फसली. दोन्ही पुढची चाकं खाली गेली. वर पांढरं मीठ आहे आणि खाली काळा चिखल. मी टेकाडावर चढली म्हणून फोन लागला." सूनबाईनं माझ्या कानाले कान लावला. मी पहिले पाण्याचं विचारलं. म्हणते, एक डबा अजून भरलेला आहे. गाडी टेकाडावरून दिसते का? दिसते, जवळच आहे. मग म्हणते, आणि आवाज लहान झाला तिचा, "मी दोन तास गाडी पुढं काढायची कोशिश केली. जितकी गाडी रेटली तितकी खाली गेली. आजी, तुमच्या बंड्या फसत होत्या तेव्हा काय करत होते?"

म्हणजे तिनं माझ्यावर बोल ठेवला नाही. बंड्या फसत होत्या हेच तिनं धरून घेतलं. मी सांगितलं, बाबा, तुम्ही केलं तसंच सांगितलं. "समोर घेऊ नको. आली त्याच चाकोरीनं मागं घे. पेटीबिटी, जड आहे ते सारं उतरव. चाकाखाली काही घाल."

"धानाचं तणस कुठून आणू इथं?"

"काही तं असन."

"झुडपं आहेत. आणि गाडीतले पायाखालचे पायपोस आहेत." मग म्हणते, "चाकातली हवा पण कमी करते."

मी म्हणली, "हवा काढली तं चालन कशी?"

"चालते आजी. चाक पसरते मग, उंटाच्या पायासारखं. शिकवलं आहे आम्हाले." आणि तिचा आवाज थोडा तिच्यासारखा झाला.

मी म्हणली, "निघालीस की खाली पाह. शेळ्या, उंट, कोणाचे खूर दिसतात का पाह. त्याइची वाट ज्या बाजूनं गेली त्याच बाजूनं जाय, लांब पडली तरी." सूनबाईनं फोन ओढून घेतला आणि म्हणते, "पोरी, टोपी घातली आहे का?"  तिकडून, "आई? तुले माहीत आहे?" आणि फोन कटला.

त्याच्यानंतरचं काही सांगत नाही. पावणेतीन तास गेले. सूनबाईनं देव्हाऱ्यात दिवा लावला, मी लावला नाही, मले तिथं जायची लाज वाटत होती. साडेपाचले फोन आला तो वेगळ्याच नंबरावरून. साईटवरच्या चौकीदाराच्या बायकोचा. आधी ती बाई बोलली, मग आमची. "पोहोचली आजी. पेटी पण पोहोचली. शेळ्यांची वाट होती, ढिगाच्या मागून, लई लांबून, पण पक्की. आज इथंच राहते, या ताईच्या घरी. तिनं ताक दिलं." सूनबाई फोनवर रडली आणि मग तिलेच बोलली, मग पुन्हा रडली. मी वर जाऊन पापड गोळा केले. निम्मे टाकून द्यावे लागले. बसून राहिली तिथंच, गच्चीवर, ऊन उतरेपर्यंत. 

रात्री पोरगा मिलवरून आला, त्याले सारं कळलं. तो माझ्यावर काही बोलला नाही, तो तुमच्यासारखाच कमी बोलते. पण सूनबाईनं दुसऱ्या दिवशी मले चहा देता देता म्हटलं, "आई, ती माह्यं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तुमी तिले सांगा, यापुढं एकटीनं गाडी न्यायची नाही. सांगाच." मी म्हणली, सांगते. आणि बाबा, मले ते खोटं म्हणायचं नव्हतं. मले खरंच सांगायचं होतं. रविवारी तिचा फोन येते. रविवारपर्यंत मी ते वाक्य मनात तयार करून ठेवलं. करायले वेळ लागलाच नाही, तयारच होतं ते, तुमचंच. फक्त बंडीच्या जागी गाडी ठेवली.

रविवारी ती लई खुशीत होती. तो माणूस, लेडीज के लिए नहीं म्हणणारा, आता तिच्या टेबलावर चहा आणून देते म्हणते. त्या पांढऱ्या जमिनीले तिकडं रणच म्हणतात, आणि तिथला शेंबडा पोरगाही तिच्यात पाय टाकत नाही, सारे हसले म्हणते तिले. "मी म्हणली, आमच्या इकडं सुकल्या तलावातूनच रस्ता राहते. तं ते म्हणाले, मॅडम, इथं तलावच नाही." मी ऐकून राहिली, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. सूनबाई दारात उभी. आणि नातीन म्हणते, "आजी, तू त्या दिवशी सांगितलं तेव्हा मी विचारायची राहिली. ती फसलेली बंडी कोण चालवत होतं?"

मी म्हणली, "मी."

"तू बंडी चालवत होती?"

"अकरा वर्षांची होती."

"मग? तुझे बाबा काय म्हणाले?"

मी दाराकडं पाहिलं. सूनबाई खुणावून राहिली, सांगा, सांगा. आणि मी म्हणली, "काही नाही. बंडी काढली, मले खूर दाखवले. आणि दुसऱ्या दिवशी बैल जुंपून दोर माह्या हातात दिला, आणि म्हणाले, आता तू चालव, मी बाजूले बसतो."

तिकडं ती हसली. म्हणते, "भारी होते तुझे बाबा." मी म्हणली, "होते."

फोन ठेवल्यावर सूनबाई म्हणते, हे काय सांगितलं तुमी. मी म्हणली, जे सांगायचं ते सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी फारशी बोलली नाही. मग बुधवारी सकाळी नातीनीनं तिलेच फोन करून सांगितलं, की येत्या मंगळवारी ती पुन्हा त्याच रस्त्यानं जाऊन राहिली, पण या वेळी वळशानं. सूनबाईनं फोन ठेवला आणि मले विचारलं, पाण्याचे दोन डबे पुरतात की तीन घ्यायले सांगू? मी म्हणली, तीन सांग.

हा कागद टपालात टाकायचा नाही हे मले माहीत आहे. नातीनीच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहून राहिली, चार दिवस झाले, अक्षर लहान-मोठं होते, हात दुखते. मंगळवार जवळ आला तशी मले झोप लागत नाही, म्हणून लिहिते, हेही आहे. पण मुख्य गोष्ट वेगळी होती. बाबा, मी तुमच्या तोंडी जे घातलं ते तुम्ही कधी बोलले नव्हते. दोर तुम्ही दिला नव्हता. पण तापात, घोंगडं पांघरून, अनवाणी पायानं तुम्ही तलावात उतरले होते एवढं खरं होतं, आणि बाकीचं मी त्याच्यावर रचलं. आता तिच्याकडं तुम्ही तसेच आहात. मी ते सुधारणार नाही. एवढं खोटं तुमच्या नावावर राहू द्या.